मालनबाईंचे अहो

“सेवा म्हणजे सेवा. तिच्यात प्रकार कसले आलेत?” हणमंतराव डुबल म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवून बसले. विषय संपला हे सांगायची त्यांची ती पद्धत होती. साखर कारखान्यात पॅनमन म्हणून उभी हयात काढलेला माणूस. कढईत आटणारा रस दाणा धरायला लागला की नाही, हे काचेवर थेंब घेऊन, बोटानं चोळून सांगायचा. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी माणूस आला नाही, रसावर नजर ठेवणारे संवेदक बसले. घरात मात्र त्यांचा शब्द अजून शेवटचाच होता.

समोर नर्गिस मुजावर बसल्या होत्या. त्या गृहसेवा केंद्राच्या परिचारिका. कराडजवळच्या आगाशिवनगरात सगळे त्यांना मुजावर सिस्टर म्हणायचे. आदल्या आठवड्यात हणमंतरावांच्या पत्नी, मालनबाई, भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिल्या, “डुबलांचं घर कुठं आलं हो?” डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. वाढत जाणारा. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडेपर्यंत त्याला थोपवणारं औषध निघालं होतं, परतवणारं नव्हतं. मालनबाईंच्या बाबतीत थोपवायची वेळही हुकली होती.

“प्रकार असतात, आप्पा,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “एक असते नुसती सोबत. कुणीतरी येतं, गप्पा मारतं, फिरवून आणतं, गोळी घेतली का बघतं. दुसरी अंगाची सेवा. आंघोळ, वेणीफणी, भरवणं, संडासला नेणं. तिसरी शुश्रूषा, ती आमच्यासारख्यांनी करायची. सुया, नळ्या, जखमा. आणि एक असतो विसावा. तो पेशंटला नसतो, घरच्या माणसाला असतो. तुम्ही थोडे दिवस बाहेर पडायचं, घर आम्ही बघायचं.”

“मला कशाला पाहिजे विसावा? मी काय आजारी आहे?”

“आणि शेवटची एक असते,” सिस्टर म्हणाल्या. “तिचं वेळ आली की बोलू.”

तेवढ्यात मालनबाई चहा घेऊन आल्या. पदर नीट खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, बशीत एक थेंब सांडलेला नाही. कपात नुसतं साखरेचं गरम पाणी होतं. हणमंतरावांची मान खाली गेली. सिस्टरनी घोट घेतला आणि “गोड झालाय हं, वहिनी,” म्हणाल्या. मालनबाई लाजल्या.

हणमंतरावांनी खुर्ची पुन्हा पुढं ओढली. “ती पहिली... सोबत म्हणालात ती. तेवढी द्या पाठवून.”

केंद्राची बाई दुपारची येऊ लागली. मालनबाईंना घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायची, येताना दोघी कुणाच्या तरी परसातली अबोली तोडून आणायच्या. वर्षभर निभलं. मग एक दिवस मालनबाई न्हाणीत उघड्या उभ्या राहिल्या आणि पुढं काय करायचं ते त्यांना आठवेना. बाईनं तांब्या हातात घेतला तर त्या किंचाळल्या. “परक्या बाईनं अंगाला हात लावायचा नाही!”

म्हणून हणमंतराव न्हाणीत गेले. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता, ते बादलीतल्या पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते बघायला शिकले. पातळ नेसवायला शिकले, भात मऊ कालवायला शिकले. वेणी काही केल्या जमेना, तेव्हा अंबाडा बांधू लागले. मालनबाई बिथरल्या की ते त्यांचा उजवा हात घ्यायचे, तळव्याच्या मधोमध अंगठा घट्ट दाबायचे आणि वरून दुसऱ्या हातानं झाकायचे. दाणा धरेपर्यंत थांबावं तसे थांबायचे. हळूहळू मालनबाईंचा श्वास खाली यायचा. “अहो,” त्या म्हणायच्या, “तुम्ही हाय ना?”

“मी आहे.”

जन्मात एवढ्या वेळा त्यांनी बायकोचा हात धरला नव्हता.

आणि मग त्यांचाच हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, गोळी वळावी तसा आपोआप फिरायचा. मग चमचा. एक दिवस कढत आमटी मालनबाईंच्या मांडीवर सांडली. मुलगी ऋतुजा पुण्याहून धावत आली, आप्पांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. कंपवात निघाला. गाडीतून दोघं परतली. घराच्या फाटकाशी ऋतुजा म्हणाली, “आप्पा, दोघांना पुण्याला घेऊन जाते, तुम्ही म्हणाल तर...”

“तिला ही गल्ली ओळखू येत नाही. पुणं काय ओळखू येणार?”

त्याच आठवड्यात मुजावर सिस्टर स्पर्शिकेची गोष्ट घेऊन आल्या.

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत तयार झालेलं ते यंत्र मागल्या वर्षी केंद्राकडं आलं होतं. दिसायला विशेष काही नव्हतं. पलंगाच्या कडेला उभा राहणारा एक खांब, त्याला दोन बाहू, बाहूंना दोन हात. हातांवर मऊ कातडं, माणसाच्या अंगाएवढंच कोमट. सिस्टरनी समजावून सांगितलं ते असं. आपल्या त्वचेत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक तऱ्हा झटपट खबर देते: काय लागलं, कुठं लागलं, टोचलं की भाजलं. दुसरी तऱ्हा फार बारीक तंतूंची आणि फार संथ. काय लागलं ते तिला ठाऊकच नसतं. कोमट हात अंगावरून सावकाश फिरला की ती जागी होते आणि मेंदूच्या ज्या भागात भावना असतात, थेट तिथं जाते. स्मृतिभ्रंशात नावं आधी जातात, मग चेहरे, मग घर. ही संथ वाट मात्र अगदी शेवटपर्यंत उघडी राहते. म्हणून नवरा कोण हे विसरलेली बाईसुद्धा त्याच्या हाताला ओळखते.

“यंत्र तुमचा हात शिकून घेतं,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही पातळ हातमोजे घालून रोजच्यासारखं सगळं करायचं. दाब किती, वेग किती, कुठं थांबता, कुठं अडखळता, सगळं ते टिपतं. पुढं त्याचा तळवा वहिनींची नाडी बघतो, घाम बघतो. ज्यानं त्या शांत होतात ते धरून ठेवतं, ज्यानं होत नाहीत ते सोडून देतं.”

“म्हणजे माझा हात यंत्राला लावायचा.”

“तुमचा आजचा हात, आप्पा. पुढल्या वर्षी तो असा नसेल.”

हे बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं. हणमंतरावांनी मोजे घातले. सकाळी औषधाचा अंमल चढून हात स्थिर असायचा तेवढ्या वेळात ते बायकोची आंघोळ उरकत, केस पुसत, तिचा तळवा दाबून बसत. स्वतःचाच हात ते जपून, निवडून वापरत होते, जणू कुणाला तरी आंदण द्यायचा होता.

स्पर्शिका आली आणि घर हलकं झालं. मालनबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलंच नाही. मग एका चिडचिडीच्या वेळी त्या कोमट हातानं त्यांचा तळवा धरला, मधोमध अंगठा दाबला. मालनबाई थबकल्या. डोळे मिटून त्यांनी सुस्कारा सोडला. दारात उभ्या असलेल्या हणमंतरावांच्या अंगावर काटा आला. आपण इथं उभे आहोत आणि तिथंही आहोत, असं त्यांना वाटलं. बरंही वाटलं. हे खोटं कशाला सांगा.

त्यानंतर सिस्टरनी विसाव्याचं मनावर घेतलं. केंद्राची बाई आणि स्पर्शिका मिळून घर बघतील, तुम्ही ऋतुजाकडं जाऊन या. हणमंतराव नको नको म्हणत गेले. पुण्यात पहिले दोन दिवस नुसते झोपले. मग ऋतुजाबरोबर बाजारात गेले, नातेवाइकांकडं एक साखरपुडा झाला तिथं पंगतीत बसून पोटभर जेवले, आणि हात धुताना आपण मालनला पार विसरलो होतो हे लक्षात येऊन तिथंच उभे राहिले. ऋतुजानं विचारलं, “काय झालं?” ते म्हणाले, “काही नाही. घरी जाऊ.”

परतले तेव्हा दुपार कलत होती. मालनबाई पलंगावर टेकून बसलेल्या. स्पर्शिकेच्या हातात त्यांचा हात.

“आलो गं,” हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रवासात औषधाची वेळ चुकली होती. हात थडथडत होता.

मालनबाई दचकल्या. भिंतीकडं सरकल्या. कंपवातानं हणमंतरावांचा चेहराही ताठ झाला होता, हसू लवकर उमटायचं नाही. मालनबाईंनी त्या चेहऱ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि मग यंत्राकडं वळून हळूच म्हणाल्या, “अहो, हे पाव्हणं कोण आलंय बघा तरी.”

केंद्राची बाई पुढं झाली. “वहिनी, आप्पा आलेत ना! तुमचे मालक!”

“मालक हितं हायत,” मालनबाई म्हणाल्या आणि कोमट तळवा गालाशी नेला. मग पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला म्हणाल्या, “बसा की. उन्हातनं आलाय. पाणी घेता?”

हणमंतराव बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईला घरी पाठवलं आणि स्पर्शिकेचं बटण बंद करून टाकलं. खांब ढकलत परसदारी नेऊन ठेवला, वर चादर टाकली. मग औषध घेतलं, हात स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आणि मालनजवळ गेले. तळवा धरला, अंगठा दाबला. अगदी तसाच. तिनं हिसकून हात काढून घेतला. पुन्हा धरला, पुन्हा काढून घेतला. “अहो!” ती दाराकडं बघून हाका मारू लागली. “अहो, कुठं गेलात? ह्यांना जायला सांगा!” जेवायला तिनं दिवसभर तोंड उघडलं नाही. घास लावला की ओठ आवळून धरायची. संध्याकाळी तिचा आवाज बसला तरी ओठ हलतच होते, आणि हणमंतरावांना आता ऐकू न येणारी ती हाक कुठली आहे हे पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी परसदारी जाऊन चादर काढली. खांब परत आणून पलंगाला लावला.

सिस्टर आल्यावर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “आप्पा, एक सांगू? हात तर तुमचाच आहे ना तो.”

“हां,” हणमंतराव म्हणाले. “माझाच आहे.”

त्या एका वाक्याला धरून त्यांनी पुढचे दिवस काढले. ते घरात पाहुणे झाले. मालनबाई त्यांना पाव्हणं म्हणायच्या. सकाळी विचारायच्या, “रात्री झोप लागली का नव्या जागी?” जेवताना सांगायच्या, “लाजू नका, मागून घ्या.” आंघोळ, केस, भरवणं हे आता स्पर्शिका आणि बाई करत. हणमंतराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. बोलणारा माणूस मिळाला म्हणून मालनबाई त्यांच्याशी बोलत. तुटक, मागचंपुढचं सोडून, पण बोलत. आणि बोलत त्या नवऱ्याबद्दलच.

“आमचं हे लई कडक व्हते,” एकदा त्या म्हणाल्या. “कारखान्यातनं यायचे ते गप. ताट वाढायचं, ताट उचलायचं. मला वाटायचं, ह्यांना मी दिसते का न्हाई?”

हणमंतराव खिडकीबाहेर बघू लागले.

“आता बघा,” त्या कोमट बोटांकडं बघत म्हणाल्या, “आता कसं धरत्यात. म्हातारपणी माणूस निवळतं, न्हाई का हो?”

“निवळतं,” पाहुणा म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात मालनबाईंचं गिळणं बिघडलं. घास घशात अडकायचा, ठसका लागायचा, पाणी फुप्फुसात जायचं. शुश्रूषेची वेळ आली. सिस्टर रोज येऊ लागल्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी बदलायच्या, शिरेतून औषध द्यायच्या. दोनदा न्यूमोनिया झाला, दोनदा उतरला. तिसऱ्यांदा ताप चढला तेव्हा ऋतुजा येऊन राहिली होती. तिघं पुढच्या खोलीत बसली.

“दवाखान्यात नेऊ,” ऋतुजा म्हणाली. “नाकातून नळी घालता येते. श्वासाला यंत्र लावता येतं. इथं काय करणार आहोत आपण?”

सिस्टर हणमंतरावांकडं बघून म्हणाल्या, “आप्पा, शेवटची एक सेवा असते असं मी मागं म्हणाले होते.”

“म्हणजे आता काही करायचं नाही,” ऋतुजा तडकून म्हणाली.

“नाही गं बाळा. खूप करायचं. दुखू द्यायचं नाही. श्वास कोंडल्यासारखा वाटू द्यायचा नाही, त्याला औषध आहे, मी थेंबाथेंबानं देईन. तोंड कोरडं पडू द्यायचं नाही. अंग स्वच्छ, चादर मऊ. आपल्या माणसांचे आवाज कानावर पडत राहू द्यायचे. फक्त आता तिला थांब म्हणायचं नाही. दवाखान्यात नेलंत तर कदाचित थोडे दिवस मिळतील. पण नळी काढू नये म्हणून तिथं तिचे हात बांधून ठेवतील.”

“हात बांधायचे नाहीत,” हणमंतराव म्हणाले. खुर्ची सरकवली नाही, आवाज चढवला नाही. “ऋतू, हात नाही बांधायचे तिचे.”

ऋतुजा उठून परसदारी गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा तिनं आईची स्वच्छ चादर हातात घेतली होती.

शेवटचे दिवस तसे शांत गेले. मालनबाई डोळे क्वचित उघडायच्या. ऋतुजा आईच्या उशाशी बसून जुन्या शेजाऱ्यांची नावं घेत राहायची. स्पर्शिका हात धरून असायची. सिस्टरनी एकदा हणमंतरावांना विचारलं, “तुम्ही धरून बघता? आता त्या दचकायच्या नाहीत कदाचित.”

“कदाचित म्हणालात ना,” ते म्हणाले. “नको. जाताना घाबरायला नको ती.”

ते कापसाचा बोळा पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावायचे. कापरा हात दुसऱ्या हातानं धरून. मग पायथ्याशी जाऊन बसायचे. एका दुपारी त्यांनी पांघरुणाखाली हात घालून तिचं पाऊल धरलं. हात थरथरत होता. पाऊल थंड होतं. तिनं ते ओढून घेतलं नाही. ओढून घ्यायची ताकद नव्हती की ओढून घ्यावंसं वाटलं नाही, हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तसेच बसून राहिले. खिडकीत ऊन होतं. कुकरची शिट्टी शेजारच्या घरात झाली. मालनबाईंचा श्वास लांब लांब होत गेला आणि एकाच्या पुढं दुसरा आला नाही.

स्पर्शिकेचा तळवा नाडी शोधत राहिला. सापडेना तेव्हा त्यानं अधिक हळुवारपणे कुरवाळायला सुरुवात केली. सिस्टरनी उठून बटण बंद केलं.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. मुजावर सिस्टर यंत्र न्यायला आल्या. ऋतुजाचं सामान बांधायचं राहिलं होतं. तिच्या मनात वेगळंच होतं.

“सिस्टर, हे इथंच नाही का ठेवता येणार?” ती म्हणाली. “आप्पांना आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. दाढी करता येत नाही. मी इथं कायमची राहू शकत नाही, आणि ते पुण्याला येणार नाहीत.”

“दुसऱ्या घरी द्यायचं असेल तर आतलं सगळं पुसावं लागतं,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्याच घरात पुढं लागणार असेल तर ठेवता येतं. आप्पांना तसंही आता अंगाची सेवा लागणारच आहे.”

“माझाच हात मला लावून घेऊ?” हणमंतराव खुर्चीतून म्हणाले. “काय उपयोग त्याचा?”

“बघू तरी कसं वाटतं,” ऋतुजा म्हणाली. तिनं बटण लावलं. तळवे कोमट होईपर्यंत थांबली, मग पलंगाच्या कडेवर बसून आपला उजवा हात पुढं केला.

यंत्रानं तो हात खालून उचलला. तळव्यात अंगठा दाबला नाही. वाकवलेल्या तर्जनीची कड मनगटापासून बोटांकडं सावकाश सरकत आली. प्रत्येक पेरावर थोडी थांबली. करंगळीपर्यंत जाऊन माघारी फिरली. मग नखांवर दोन हलक्या टिचक्या. झोप आता, म्हणावं तशा.

ऋतुजानं मान वर केली.

“आप्पा,” ती म्हणाली, “हा तुमचा हात नाही.”

“म्हणजे?”

“हा आईचा आहे.” ती म्हणाली. “मला ताप आला की आई अशीच करायची. अशीच पेरांवर थांबायची. शेवटी टिचक्या मारायची. आजी आजारी होती तेव्हा तिलाही असंच... मी बघितलंय. आप्पा, हा आईचा हात आहे!”

हणमंतराव उठले. चालताना तोल जात होता, तरी कुणाचा आधार घेतला नाही. मुलीशेजारी बसले आणि आपला थडथडता हात त्यांनी त्या तळव्यावर ठेवला. तळव्यानं तो खालून उचलला, पेलला. तर्जनी फिरू लागली. एक पेर, दुसरं पेर. आणि त्यांना एक दिवस आठवला. तरुण होते. कारखान्यात वाफेनं हात पोळला होता. घरी येऊन पडले होते, आणि मालन तो हात मांडीवर घेऊन, पोळलेली जागा चुकवत, पेरापेरावरून बोट फिरवत बसली होती. ते झोपून गेले होते. उठल्यावर पुन्हा कामाला गेले होते. हे काय होतं, कसं होतं, असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. तिच्या हातावरून तसं बोट फिरवावं, हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“माझा होता ना हो?” त्यांनी सिस्टरकडं बघून विचारलं. “तुम्हीच म्हणाला होता.”

“सुरुवातीला तुमचाच होता, आप्पा.” सिस्टर समोर येऊन खाली टेकल्या. “पण ते रोज त्यांच्या अंगाला विचारायचं. नाडी जिकडं शांत व्हायची तिकडं थोडं थोडं सरकायचं. त्यांचे शब्द गेले होते. मागणं गेलं नव्हतं. त्या सगळ्यांना जे देत आल्या, तेच त्यांचं अंग मागत होतं.”

हणमंतरावांचा हात अजून तिथंच होता. कंप थांबला होता. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात एका जागी स्वस्थ पडून होता, आणि त्यांच्या तोंडावरची ताठ कातडी गालांच्या कडेला हलायला लागली.

ऋतुजा डोळे पुसत म्हणाली, “बघा, थांबला हात. ठेवू या आप्पा हे. आईचा हात राहील तुमच्याजवळ. तुम्हाला झोप लागेल. मलाही पुण्यात घोर राहायचा नाही.”

मग हणमंतरावांनी हात काढून घ्यायला सुरुवात केली. एक एक बोट. तळवा सोडायला तयार नव्हता, तो त्यांच्या बोटांमागं थोडा थोडा येत होता. पूर्ण सुटल्याबरोबर हात पुन्हा थरथरायला लागला.

“पुसा,” ते म्हणाले.

“आप्पा!”

“पुसा म्हणतो ना.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “ऋतू, जन्मभर तिनं सगळ्यांचं केलं. माझ्या आईचं केलं, तुझं केलं, माझं केलं. तिचं करायची पाळी आली, तर तेसुद्धा तिलाच स्वतःचं करून घ्यावं लागलं. आणि मी हितं खुर्चीत बसून म्हणत होतो, हात माझा आहे.” ते थांबले, श्वास घेतला. “आता मेल्यावर पुन्हा माझ्या उशाला आणून बसवू का तिला? माझी दाढी करायला? सुटू दे की गं तिला.”

ऋतुजा तोंडावर पदर दाबून रडत राहिली. सिस्टरनी खांबाच्या मागची झडप उघडली. “दाबते मी,” त्या म्हणाल्या.

“नाही. मी दाबतो.”

बटण छोटं होतं. हणमंतरावांचं बोट त्याच्या आजूबाजूला आपटत राहिलं. इकडं घसरलं, तिकडं घसरलं. सिस्टर मध्ये पडल्या नाहीत. ते ओठ चावून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी बोट भलतीकडंच जात होतं.

ऋतुजा उठली. तिला ते नको होतं, अजूनही नकोच होतं. पण ती बापाच्या मागं येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि बोट बटणापर्यंत नेलं.

आतून बारीक आवाज झाला आणि थांबला. हलकी वळलेली बोटं सरळ झाली, तळवा उताणा पडला. तो अजून कोमट होता. तो निवेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली.